प्रतिनिधी बाळ

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की या जगात आपल्याखेरीज आणखीही कुणी आहे आणि त्यालाही थंडी वाजते, याची त्याला पहिल्यांदा जाणीव होते. थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रांत हा क्षण बहुधा नदीकाठी येतो, नाहीतर तुरुंगात. माझ्या बाबतीत तो विंडसरमधल्या एका मॉलमध्ये, बुटांच्या दुकानासमोर आला, आणि खरं सांगायचं तर मी त्या वेळी वॉशरूम शोधत होते.

वॉशरूमच्या वाटेवर नाताळचं एक भलंमोठं खोटं झाड उभं केलेलं होतं. दिव्यांच्या माळांमधून त्याला पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने टांगलेल्या होत्या. ज्या घरांना नाताळचा खर्च झेपत नाही, अशा घरातल्या एकेका मुलासाठी एकेक चिठ्ठी. नाव नाही, पत्ता नाही. नुसता क्रमांक, वय आणि काय हवं ते. आपण एक चिठ्ठी निवडायची, ती वस्तू नवीकोरी आणायची आणि टेबलाशी आणून द्यायची. मी तेरा वर्षांची होते आणि हॉटेलातलं मेनूकार्ड वाचावं तशा बारकाईने मी त्या चिठ्ठ्या वाचल्या. मोठ्या मुलांना सायकली हव्या होत्या, स्केट्स हवे होते. एकाला ड्रम हवा होता. त्याच्या घरच्यांना ही चिठ्ठी दाखवली नसावी. अगदी खाली, माझ्या गुडघ्याशी एक चिठ्ठी होती: ‘क्रमांक ६८. मुलगी. वय सात महिने. स्नोसूट, माप नऊ महिने. एखादं मऊ खेळणं.’ मला तिचा मोजकेपणा आवडला. मी ती काढली.

टेबलाशी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या स्वेटरवर रेनडिअर होता आणि त्याच्या नाकात खरोखरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, मला तीनदा स्पेलिंग विचारलं आणि म्हणाल्या, “हे बघ डिअर, चिठ्ठी झाडावरून काढलीस, आता ही तुझी. हिच्यासाठी दुसरं कुणीही काही आणणार नाही. नाताळच्या आधीचा शनिवार, दुपारी चार. चारला व्हॅन निघते.” इतकं बोलून त्यांनी मला एक कँडी केन दिली. ती मी खाऊ शकले नाही. दुसरं कुणीही आणणार नाही, हे वाक्य पोटात जाऊन बसलं होतं. तोवर माझ्या एकटीवर सोपवलेली सजीव गोष्ट म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी, आणि ती ऑक्टोबरात वारली होती.

आता इथे माझ्या कोटाबद्दल सांगायला हवं. तो विटकरी रंगाचा होता आणि वाढत्या अंगाचा होता. आमच्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं असे. बूट घेतले की पुढे कापूस भरायचा, स्वेटर विणला की हातांच्या तीन घड्या घालायच्या, स्कर्टची कंबर सेफ्टीपिनेने आवळायची आणि वाट बघायची. कपडा आज अंगाला बरोबर बसतो, हा आईच्या मते त्याचा दोष होता. याचा अर्थ तो उद्या बसणार नाही. या हिशेबाने माझं सगळं बालपण मी पुढच्या मेधाचे कपडे घालून काढलं. ती पुढची मेधा कायम माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि बरीच रुंद असे. वर्गातली मुलं कोटाला तंबू म्हणत आणि आत किती जणांची सोय आहे अशी चौकशी करत. त्या कोटाच्या बाह्या माझ्या मनगटाशी आल्या तेव्हा मी अकरावीत होते. त्या आठवड्यात त्याची चेन तुटली.

यातली गंमत अशी, की बाबा मोटारींच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते आणि मोटारीचं दार व चौकट यांच्यातली फट मोजणं हे त्यांचं काम होतं. स्टीलच्या पातळ पट्ट्यांचा एक जुडगा कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. फट केसाएवढी जास्त भरली तरी ते मोटार परत पाठवत. संध्याकाळी हाच गृहस्थ घरी येई आणि आपल्या मुलीला, कोट व मुलगी यांच्यात दुसरी मुलगी मावेल एवढ्या फटीसह, शांतपणे पाहत राही. एकदा मी त्यांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, “मोटार वाढत नाही, मेधा.”

आमचं घर लहान होतं आणि सतत बोलत असे. घर तापवणारा बेसमेंटमधला फर्नेस खोकून सुरू व्हायचा, वाऱ्याने बाहेरचं जाळीचं दार आपटायचं, कुकरच्या शिट्ट्यांनी खिडक्यांच्या काचांवर वाफ धरायची आणि खालून आईच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा. टीव्हीवर नदीपलीकडच्या डेट्रॉइटची हवा सांगत. तीच आमची हवा, असं आम्ही धरून चालत असू. मी चिठ्ठी दाखवली त्या संध्याकाळी आई भाजणीची थालीपिठं लावत होती. तिने तव्यावरची नजर न काढता विचारलं, “कुणाचं बाळ?”

“माहीत नाही. सांगत नाहीत.”

“म्हणजे? आडनाव तरी असेल.”

“आई, इट्स अ नंबर. सिक्स्टी-एट.”

“अडुसष्ट?” आईने उलथनं खाली ठेवलं. “अहो, ऐकलंत का? बाळाला नंबर दिलाय. बारसं झालंय की नाही तेही लिहिलं नाही.”

बाबांनी चिठ्ठी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी वाचली. “चॅरिटी आहे ही. नाव कळलं तर त्या लोकांना ओशाळं वाटेल.”

“बाळाला कसलं ओशाळं?” आई म्हणाली, आणि त्या क्षणापासून क्रमांक ६८ आमची झाली. थालीपीठ करपलं. आईच्या डोक्यात बाळंतविडा सुरू झाला होता: झबली, टोपडी, दुपटी, कुंची. तिने ट्रंकेतून स्वतःची एक मऊ झालेली जुनी साडी काढली, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापडच लावायचं असतं. मी चिठ्ठीवरची बारीक ओळ वाचून दाखवली: वापरलेल्या वस्तू चालणार नाहीत. आईला वाटलं मी चुकीचं वाचतेय. “नवं कापड? टोचेल ना तिला! कोण आहेत हे लोक?” शेवटी तडजोड अशी झाली, की आईने फ्लॅनेल नवं आणलं आणि शिवण्याआधी ते अकरा वेळा मशीनमध्ये धुतलं.

हे सगळं आमच्या घरापुरतं राहिलं असतं. पण आईने फोनवर शैलावहिनींना सांगितलं, शैलावहिनींनी आपल्या नवऱ्याला, म्हणजे जोशीकाकांना, आणि जोशीकाका मंडळाचे खजिनदार होते. म्हणजे रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी डॉक्टर घाटे होते. ते भूलतज्ज्ञ होते, आणि त्यांचं भाषण ज्याने एकदा ऐकलं त्याला या व्यवसायाची निवड कशी झाली हे विचारावं लागत नसे. मात्र माणूस प्रेमळ होता. हिमवादळ असलं तरी ते कुठल्याही घरी मदतीला येत, आणि कुठल्याही घरी बोलत.

“बंधुभगिनींनो,” ते नऊ जणांना म्हणाले, “आज कॅनडाच्या एका लेकीने महाराष्ट्राला हाक मारली आहे.”

“स्नोसूट हवाय तिला,” बाबा म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.”

बटाटेवडे आणि पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम यांच्या आधाराने सभा अडीच तास चालली. कुणी चांदीची वाटी आणि चमचा सुचवला, कुणी मनगट्या, कुणी गुटीचं सामान आणि सहाण. सहाणेवर वेखंड किती वेढे उगाळायचं हे इंग्रजीत कसं लिहायचं, यावर उपसमिती नेमायची वेळ आली. मी कोपऱ्यातून म्हणाले, चिठ्ठीत फक्त स्नोसूट आणि खेळणं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि पुढे चालू ठेवलं. मग डॉक्टर घाट्यांनी मुख्य विषय काढला: सत्कार. एवढं कार्य मंडळ करतंय, तर शाल-श्रीफळ देऊन बाळाचा सत्कार व्हायला हवा. बॅनर लागेल. फोटो लागेल.

“पण बाळ कोण ते माहीत नाही,” बाबा म्हणाले. “बाळ उपस्थित राहणार नाही.”

फर्नेस खोकला. डॉक्टर घाटे क्षणभर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, “मग प्रतिनिधी नेमावा.”

शैलावहिनींच्या मांडीवर त्यांची रेवती होती. सात महिन्यांची, गोल, टोपड्यातून केसांचा तुरा बाहेर आलेला. ती स्वतःची मूठ चोखत होती. सगळ्यांच्या माना एकाच वेळी तिच्याकडे वळल्या. ठराव संमत झाला. तोंडात मूठ असल्यामुळे प्रतिनिधीला बोलता आलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं स्नोसूट घ्यायला गेलो. माझ्या खिशात चिठ्ठी होती आणि ती मी इतक्या वेळा उघडली होती की घड्या कापडासारख्या झाल्या होत्या. दुकानात लहान मुलांच्या स्नोसूटांच्या चार रांगा होत्या. आईने कापडाचा पोत बघितला, अस्तर चिमटीत धरलं, शिवण उलटी करून पाहिली, टोपीची नाडी ओढली. या बाबतीत तिची परीक्षा बाबांहून कडक होती. शेवटी तिने एक निवडला: आकाशी रंगाचा, टोपीपासून पायांपर्यंत एकसंध, आत लोकर, कोपरांना दुहेरी कापड. तो खरोखर फार चांगला होता. मग मी माप पाहिलं.

“आई, धिस इज साइज फोर.”

“हो ना. छान आहे.”

“चार वर्षांचा! ती सात महिन्यांची आहे!”

“वाढेल ना,” आई म्हणाली.

मी चिठ्ठी काढून तिच्या नाकाशी धरली. नऊ महिने, मोठ्या अक्षरात. आईने ती समजूतदारपणे वाचली. “अगं, हे त्यांनी संकोचाने लिहिलंय. नऊ महिन्यांचा घेतला तर दहाव्या महिन्यात काय? आपल्याला आहे तरी. त्यांना दरवर्षी कोण देणार? गरीब माणसाला टिकाऊ द्यावं.” विक्रेती मुलगी मधे आली आणि तिने हसून विचारलं, बाळ केवढं आहे. आई इंग्रजीत म्हणाली, “सेव्हन मंथ्स. बट व्हेरी अँबिशस.” मी बाबांकडे पाहिलं. ज्याने आयुष्यभर फटी मोजल्या तो माणूस छताकडे बघत होता.

मी त्या दिवशी गाडीत रडले. मोठं कारण असं होतं, की जगात निदान एका मुलीला तिच्या मापाचा कोट मिळावा ही संधी माझ्या हातात आली होती आणि ती मी घालवली होती. सात महिन्यांची ६८ क्रमांक तंबूत झोपलेली मला दिसत होती. आईने मागे वळून विचारलं, “आत दुपटी कोंबता येतात, रडायचं काय त्यात?” मंडळात फोनवरून बातमी गेली, तेव्हा डॉक्टर घाट्यांनी या खरेदीला दूरदृष्टी म्हटलं.

सत्कार शेवटच्या शनिवारीच ठेवला होता, दुपारी बाराला. म्हणजे जेवणं उरकून चारच्या आत सगळं मॉलमध्ये पोचवता येईल. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. बेसमेंटच्या भिंतीवर बॅनर लागला, त्याखाली टेबलावर शाल, नारळ आणि आईने शिवलेली कुंची. जोशीकाका कॅमेरा घेऊन खुर्चीवर उभे राहिले. शैलावहिनींनी आणि आईने मिळून प्रतिनिधीला आकाशी स्नोसूट चढवला, म्हणजे त्यात सोडली म्हटलं तरी चालेल, आणि चेन वर ओढून ती डॉक्टर घाट्यांच्या हातात दिली. टोपीच्या गोलात सुरुवातीला रेवतीचा चेहरा दिसत होता. मी तो पाहिला. त्यावरचे भाव एखाद्या मोठ्या सभागृहात एकट्याच आलेल्या प्रेक्षकाचे होते.

“बंधुभगिनींनो,” डॉक्टर घाटे म्हणाले, “हे बाळ म्हणजे केवळ बाळ नव्हे.”

भाषणाच्या भरात त्यांना बाळ हलवायची सवय होती हे आम्हांला ठाऊक नव्हतं. ‘मानवता’ म्हणताना त्यांनी ते उजवीकडे नेलं, ‘विश्वबंधुत्व’ म्हणताना डावीकडे, आणि ‘उंच भरारी’ला तर दोन्ही हातांनी काखेत धरून वर उचललं. फ्लॅश पडला. टाळ्या झाल्या. मग कॅमेऱ्यामागून जोशीकाका अतिशय शांत आवाजात म्हणाले, “डॉक्टर, बाळ फ्रेममध्ये नाहीये.”

टोपी रिकामी होती. डॉक्टर घाट्यांनी आत डोकावून पाहिलं, मग आम्हांला दाखवलं, जणू आमची साक्ष हवी होती. शैलावहिनी किंचाळल्या. “माझी रेवती!” कुणीतरी खुर्च्यांखाली शोधायला लागलं. भूलतज्ज्ञ या नात्याने माणसं दिसेनाशी होणं डॉक्टरांना नवं नव्हतं, पण हा प्रकार वेगळा होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि तेवढ्यात स्नोसूटच्या डाव्या पायातून खुदकन हसण्याचा आवाज आला.

सूट चटईवर आडवा केला. डाव्या पायात मांडीपासून घोट्यापर्यंत रेवती होती, आरामात. चेन अर्ध्यावर अडकली, कारण तिच्यात टोपड्याची लेस गेली होती. “कुणीही ओढू नका!” बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मी ओरडताना ऐकलं. ते गुडघ्यांवर बसले, खिशातून पट्ट्यांचा जुडगा काढला, सगळ्यांत पातळ पट्टी निवडली आणि लेस व चेन यांच्यातल्या फटीत सरकवली. सगळे श्वास रोखून बघत होते. डॉक्टर घाटे सवयीने प्रतिनिधीची नाडी बघायला पाय शोधत होते, तो उजवा पाय निघाला, आणि तो रिकामा होता. तिथून मला हसू आवरेना. मग शैलावहिनीही रडता रडता हसायला लागल्या, मग सगळेच. चेन सुटली. रेवती केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली. तिच्या तोंडात किमतीचं लेबल होतं आणि त्यातलं निम्मं तिने खाल्लेलं होतं.

फक्त आई हसत नव्हती. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिने तो सूट मांडीवर घेतला, त्याच्या बाहीत स्वतःचा हात घातला आणि आत हात कुठवर जातो ते पाहत राहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“अहो,” ती म्हणाली, “गाडी काढा.”

ड्राइव्हवेमध्ये गुडघाभर बर्फ होता. अख्ख्या कार्यकारिणीने तो फावड्यांनी शोव्हल केला. एकमताने झालेलं मंडळाचं हे बहुधा पहिलं काम. भाषण अपुरं राहिल्यामुळे डॉक्टर घाटे शाल आणि नारळ घेऊन आमच्या गाडीत मागे, माझ्या शेजारी बसले. बाबा एरवी इतक्या हळू गाडी चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवायचं सोडून देत. त्या दिवशी त्यांनी एक पिवळा दिवा ओलांडला. त्याबद्दल ते पुढे कित्येक वर्षं हळहळत असत.

दुकानात परत घेण्याच्या खिडकीशी मोठी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथल्या तरुणाने सूट उलटसुलट केला. “मॅम, टॅग कुणीतरी खाल्लाय.”

“बेबी,” आई म्हणाली.

“टॅगशिवाय परत घेता येत नाही.”

“हाफ आहे ना.”

“सॉरी, मॅम.”

आईने वाद घातला नाही. हे इतकं विलक्षण होतं की बाबांनी तिच्या कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. ती सरळ लहान मुलांच्या रांगांकडे गेली. नऊ महिन्यांच्या मापात एकच सूट उरला होता, हळदीसारखा पिवळा, छातीवर बदक. आईने तो हँगरवरून काढला. मग तिचा दुसरा हात, तिच्या नकळत, शेजारच्या बारा महिन्यांकडे गेला. तिथून अठराकडे. मी बोलले असते तर तिने अठराच घेतला असता.

“नऊच?” तिने विचारलं.

“नऊ.”

“आणि पुढच्या डिसेंबरात?”

“पुढच्या डिसेंबरात दुसरं कुणीतरी चिठ्ठी काढेल.”

आई माझ्याकडे बघत राहिली. “आणि नाही काढली तर?”

हल्ली दर डिसेंबरात मी हे काम घरबसल्या करते; पडद्यावर चौकटी येतात, बाळाचं वय निवडायचं, माप आपोआप भरलं जातं, चूक करायला वावच ठेवलेला नाही. एवढी सोय होऊनही बटण दाबताना मला आईचा तो प्रश्न ऐकू येतो आणि मी उगाच थांबते. मग शेजारच्या मोठ्या मापावर एकदा बोट नेऊन येते.

पैसे देण्याच्या रांगेत आईने माझ्या कोटाच्या बाहीची घडी उलगडली, ती माझ्या बोटांच्याही पुढे कुठवर जाते ते पाहिलं, आणि परत घालून दिली.

टेबलाशी आम्ही चारला सात मिनिटं असताना पोचलो. झाड जवळजवळ मोकळं झालं होतं. रेनडिअरवाल्या बाईंनी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि म्हणाल्या, “सिक्स्टी-एट! डिअर, मी तुझीच वाट बघत होते. एकटी हीच राहिली होती.” आईने पिशवीतून पिवळा सूट काढून ठेवला. त्यावर कुंची. त्यावर मऊ खेळणं म्हणून कापडी हत्ती. आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, त्यावर आकाशी सूट, चावलेल्या लेबलासकट.

“चिठ्ठीत एकच आहे,” बाई म्हणाल्या.

“धिस विंटर,” आई पिवळ्यावर हात ठेवून म्हणाली. मग आकाशीवर. “दॅट विंटर.”

“पण चार वर्षांची होईल तेव्हा ती कुठे असेल, आपल्याला काय माहीत?”

“कॅनडा,” आई म्हणाली. “विल बी कोल्ड.”

बाईंनी दोन्ही सूट एका पिशवीत घातले, पिशवीला ६८ नंबर लावला आणि वहीत खूण केली. माझ्या पोटातलं ते वाक्य तीन आठवड्यांनी विरघळलं आणि मला एकदम प्रचंड भूक लागली. डॉक्टर घाटे पुढे झाले. शाल उरली होती, नारळ उरला होता आणि भाषणाचा शेवट उरला होता. त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, “मॅडम, दिस बेबी इज नॉट ओन्ली अ बेबी.” शालीखालून रेनडिअरचं नाक लुकलुकत होतं. बाईंचे डोळे भरून आले. नारळाचं नेमकं काय करायचं हेही त्या विचारत होत्या. बाहेर व्हॅनने हॉर्न दिला. डॉक्टरांना दोन मिनिटांत थांबावं लागलं, आणि ते भाषण त्यांचं सर्वोत्तम मानलं जातं.

क्रमांक ६८ चं पुढे काय झालं ते कळायची सोय नव्हती. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असणार. विंडसरला गेले, की ग्रोसरीच्या रांगेत त्या वयाची बाई दिसल्यावर मी अजून नकळत तिचा कोट बघते.

गेल्या वर्षी मंडळाचा सुवर्णमहोत्सव झाला. मोठा हॉल होता, पडदा होता, आणि रेवती जोशी, जी आता मंडळाची अध्यक्ष आहे आणि अंगाने चांगली भरलेली आहे, तिने मंडळाच्या सेवेची उज्ज्वल परंपरा या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. शेवटी जोशीकाकांनी काढलेला तो जुना फोटो पडद्यावर आला आणि सगळे उभे राहिले. बॅनर आहे, हात उंच केलेले डॉक्टर घाटे आहेत, हातात आकाशी स्नोसूट आहे. खाली ओळ आहे: ‘सत्कारमूर्ती बाळासह अध्यक्ष’. टोपीत कुणीही नाही. नीट पाहिलं तर डाव्या पायात थोडा फुगवटा दिसतो.